42 ला घेतलेली हर्ब 31 वर आलीये, थांबू का विकू?

या वेळचं पत्र वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या एका वाचकाचं आहे, थोडं कापून देते, कंसातले अर्थ माझे:

"ताई, मी रिटेल (गेमची चालू आवृत्ती) खेळतो, रोज साधारण एक तास मिळतो. हर्बलिझम (हर्ब म्हणजे वनस्पती तोडणं) आणि अल्केमी (त्यांची औषधं बनवणं) घेतलंय. दोन आठवड्यांपूर्वी एक हर्ब स्वस्त दिसली म्हणून 2000 नग उचलले, सरासरी 42 गोल्ड (गेममधलं चलन, 1 गोल्ड म्हणजे 100 सिल्व्हर) पडले, जवळजवळ सगळं गोल्ड त्यात गेलं आणि आता भाव 31 वर आलाय. थांबू का विकू? बाकी स्वतः तोडलेल्या हर्ब्सचे फ्लास्क (ताकद वाढवणारी औषधं) बनवतो, तो तर पूर्ण नफाच आहे ना? एक तलवार ऑक्शन हाऊसवर (गेममधल्या लिलाव बाजारात) 9000 ला सहा वेळा लावली, दर वेळी कोणीतरी 1 सिल्व्हर कमी करून खाली लावतं आणि माझी परत येते, डिपॉझिट (माल लावताना भरायची रक्कम) जातं ते वेगळंच. मित्र म्हणतो दर पाच मिनिटांनी कॅन्सल करून परत लाव. आणि ब्लॅक मार्केटमध्ये (दुर्मिळ वस्तूंच्या वेगळ्या लिलावात) एका माउंटवर (स्वारीच्या प्राण्यावर) दोनदा बोली लावली, दोन्ही वेळा शेवटी कोणीतरी मारून नेलं. माझं नेमकं चुकतंय कुठे?"

अरे, पत्रात चार-पाच वेगळ्या तक्रारी आहेत असं वाटतं पण मला त्यात एकच दिसते. तू प्रत्येक वस्तूची किंमत एकतर तुला ती कितीला पडली यावरून धरतोस नाहीतर स्क्रीनवर कोणी किती मागतंय यावरून. दोन्हीचा तुझ्या आजच्या कमाईशी संबंध नाही. आज ही वस्तू खरंच विकली गेली तर ऑक्शन हाऊसचे 5 टक्के कापून हातात किती येतील, एवढाच आकडा कामाचा आहे आणि खालचं सगळं त्या आकड्यावरूनच लिहितेय.

आधी हर्ब घेऊ कारण तुझं सगळं भांडवल तिथे अडकलंय. 2000 नग 42 ने म्हणजे 84,000 गोल्ड. ऑक्शन हाऊस विक्रीवर 5 टक्के कापतं, म्हणजे नुसतं मुद्दल सुटायला तुला 44 गोल्ड 22 सिल्व्हरला विकावं लागेल, 42 ला नाही. भाव 31 आहे. थांबायचं म्हणजे भाव चाळीस टक्क्यांहून जास्त चढेल यावर पैज लावायची, आणि तीही एका हर्बवर, जी रोज हजारो लोक फुकटात तोडून आणतात. स्वतःला एकच प्रश्न विचार, आत्ता तुझ्याकडे ती हर्ब नसती आणि तेवढंच गोल्ड रोख असतं तर 31 च्या भावाने तू 2000 नग घेतले असतेस का? नसशील घेतले तर ठेवायचं तरी कशासाठी. विकलंस तर 62,000 चे 5 टक्के जाऊन 58,900 येतात, 25,100 चा घाटा, दुखणार, कबूल. पण त्या 58,900 वर निव्वळ 8 टक्के सुटतील असे पाच फेरे झाले की 86,500 च्या आसपास होतात, आणि 8 टक्के हा आकडा रोज चालणाऱ्या मालात काही अशक्य नाहीये. म्हणजे गेलेलं गोल्ड परत यायला त्याच हर्बचा भाव परत यायलाच हवा असं नाही, दुसऱ्या कशातूनही येईल, फक्त गोल्ड मोकळं पाहिजे.

भाव इतका का पडला तेही बघ, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच होईल. पॅच (गेमचा अपडेट) 9.2.7 पासून, म्हणजे ऑगस्ट 2022 पासून, हर्ब, धातू, पोशन, फ्लास्क, जेम असा जो कमोडिटी माल आहे तो एका सर्व्हरपुरता न राहता अख्ख्या रीजनचा (अमेरिका, युरोप अशा मोठ्या गटाचा) एकच बाजार झाला. आधी छोट्या सर्व्हरवर एखादा माणूस सगळा माल उचलून भाव वर नेऊ शकायचा आणि त्याच जुन्या सल्ल्यांवर लोक अजून चालतात, ते आता कमोडिटीत चालत नाही, कारण तू 2000 उचललेस तरी रीजनभरातून तासाभरात तेवढा माल परत येतो. नवीन एक्स्पान्शन (गेमचा मोठा नवा भाग) किंवा पॅच आला की पहिल्या दिवसांत हर्ब महाग असते, सगळ्यांना आपलं प्रोफेशन (अल्केमीसारखं काम) वाढवायची घाई असते, तोडणारे कमी असतात, मग लोक मॅक्स लेव्हलला पोचतात, तोडणारे वाढतात आणि भाव आठवडे-आठवडे खाली येत राहतो. अशा उतारावर "कालपेक्षा स्वस्त" दिसणं ही रोजची गोष्ट आहे, त्याला संधी म्हणत नाहीत.

आणि घेताना अजून एक झालेलं असणार, ते मी जरा सविस्तर सांगते कारण बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. कमोडिटी घेताना तू फक्त नग टाकतोस, गेम सगळ्यात स्वस्तपासून वर चढत चढत माल भरतो. समज स्क्रीनवर वर 38 दिसतंय. पण 38 ला फक्त 300 नग आहेत, पुढचे 700 नग 41 ला आणि त्याच्यापुढचे 1000 नग 43 गोल्ड 90 सिल्व्हरला. तू 2000 टाकलेस तर 11,400 अधिक 28,700 अधिक 43,900, झाले 84,000, सरासरी बरोबर 42. म्हणजे डोक्यात 38 चा भाव आणि खिशातून 42 गेले आणि त्यातले अर्धे नग तर जवळजवळ 44 ने घेतलेत, जे स्वस्त नव्हतेच. कन्फर्म करायच्या खिडकीत एकूण रक्कम येते, वेळ मोजत असते म्हणून घाईत आपण ओके करतो. घाई नको करूस, कॅन्सल केलं तर काही जात नाही. आधी यादी खाली स्क्रोल करून कुठल्या भावाला किती नग आहेत ते बघायचं आणि फक्त पहिला स्वस्त ढीग घ्यायचा, 300 तर 300, बाकीचे सोडून द्यायचे.

स्वस्त कशाला म्हणायचं हेही आत्ताच्या सगळ्यात कमी भावावरून कळत नाही. ऑक्शनेटर किंवा टीएसएम (ट्रेडस्किलमास्टर) यातलं एक अ‍ॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाक. टीएसएमचा मार्केट व्हॅल्यू हा मागच्या 14 दिवसांच्या भावांवरून काढलेला आकडा असतो आणि अलीकडच्या दिवसांना त्यात जास्त वजन असतं, तो आणि आजचा सगळ्यात कमी भाव शेजारी-शेजारी ठेवून बघ. पण उतरत्या बाजारात 14 दिवसांचा आकडा कायम वरच दिसणार, हे लक्षात ठेव, तिथे प्रत्येक वस्तू "स्वस्त" वाटते.

मग 2000 नग विकायचे कसे? आठवड्याचं गणित साधारण असं असतं की शनिवार-रविवारी लोकांना वेळ असतो, ते तोडतात, माल ओततात, भाव नरमतो. अमेरिकन सर्व्हरना मंगळवारी आणि युरोपियन सर्व्हरना बुधवारी वीकली रीसेट होतो, रेड (गटाने मिळून करायच्या मोठ्या लढाया) परत चालू होतात, फ्लास्क-पोशन लागतात आणि त्यासाठी हर्ब लागते. तुझा रीसेट ज्या दिवशी असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोन हप्त्यांत सगळं लाव, आणि 34 मिळाले तर छान, 30 मिळाले तरी विकून मोकळा हो. त्याच्या पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

आता फ्लास्क. "स्वतः तोडलेली हर्ब म्हणजे पूर्ण नफा" हे वाक्य तुला सगळ्यात जास्त नुकसान करतंय, पडलेल्या भावापेक्षाही, कारण ते रोज करतंय आणि दिसत नाही. तू तोडलेली हर्ब तशीच ऑक्शनवर विकली जाते, त्यामुळे ती फुकट नसते, तिची किंमत आजचा हर्बचा भाव. समज एक फ्लास्क 300 ला जातो, 15 कापून 285 आले. त्याला लागलेल्या हर्ब्स कच्च्याच विकल्या असत्या तर 310 आले असते, 5 टक्के जाऊन 294 गोल्ड 50 सिल्व्हर. म्हणजे फ्लास्क बनवून तू दर नगामागे साडेनऊ गोल्ड स्वतःच्या खिशातून घातलेस आणि वर वेळ घातलास. असे शेकडो फ्लास्क लोक रोज बनवतात, म्हणूनच फ्लास्कचा भाव हर्बच्या खाली जातो, ते स्वतःची हर्ब शून्य धरतात. उलट कधी कधी फ्लास्क वर असतो, तेव्हा खुशाल बनव, स्वतः तोडलेली असो नाहीतर विकत घेतलेली. हिशोब करताना तुझ्या मल्टिक्राफ्ट आणि रिसोर्सफुलनेस या गुणांमुळे सरासरी किती जास्तीचे नग निघतात आणि किती हर्ब वाचते ते धर, शंभर-दोनशे बनवून सरासरी काढ, दहा बनवून एकदा भरपूर निघाले म्हणून नको धरूस. आणि क्वालिटी बघून भाव बघ, एकाच नावाच्या हर्बच्या वेगवेगळ्या क्वालिटीचे भाव वेगळे असतात आणि घाईत वरच्या क्वालिटीची हर्ब खालच्या क्वालिटीच्या फ्लास्कात जाते. हे रोज बनवायच्या आधी दोन मिनिटांत बघून होतं, ज्यात जास्त सुटतंय ते करायचं, आज हर्ब, उद्या फ्लास्क, त्यात आपण अल्केमिस्ट आहोत म्हणून बनवलंच पाहिजे असं काही नसतं.

तलवारीचं प्रकरण हर्बच्या अगदी उलटं आहे आणि दोन्हीकडे तू एकच पद्धत वापरतोयस, तिथे घोडं अडलंय. हर्बसारख्या मालात तुझ्या खाली कोणी लावलं तर लावू दे, तुझ्या खालचे पाच हजार नग गिऱ्हाईक थोड्या वेळात उचलतात आणि तुझा नंबर येतो, कॅन्सल करून परत लावण्यात काही अर्थ नाही, उलट डिपॉझिट घालवून बसशील. बघायचं इतकंच की माझ्या खाली किती माल आहे आणि दिवसाला साधारण किती खपतो. तलवार, आर्मर, पेट, रेसिपी हे मात्र अजून आपापल्या सर्व्हरवर, किंवा जोडलेल्या सर्व्हरच्या गटात विकलं जातं, तिथे आठवड्याला कदाचित एक गिऱ्हाईक येतं आणि ते सगळ्यात खालची उचलून निघून जातं. तिथे दुसऱ्या नंबरला असणं म्हणजे नसल्यासारखंच.

टीएसएममध्ये सेल रेट बघ, लावलेल्यांपैकी किती विकल्या गेल्या त्याचं प्रमाण असतं ते. 0.01 च्या जवळ असेल तर शंभर वेळा लावल्यावर एकदा जाणार, मग तुझ्या सहा वेळा म्हणजे काहीच नाही. आणि 9000 हा भाव आला कुठून? तुझ्यासारखेच आणखी दोघं-तिघं 9000 मागतायत म्हणून, पण त्यांचीही विकली जात नाहीये! न विकल्या गेलेल्या मालाचा भाव बघून आपला भाव ठरवायचा नाही. तीच तलवार 6500 ला या आठवड्यात गेली तर कापून 6175 हातात येतात आणि ते फिरायला लागतात, 9000 ला दोन महिने बॅगेत पडून राहिली तर मधल्या काळात शून्य. माझं मत विचारशील तर 6500 ला लाव.

1 सिल्व्हर कमी करणाऱ्या माणसावर चिडू नकोस, तो नियमाने खेळतोय. पण तो बहुतेक दिवसभर बसलेला असतो आणि तुझ्याकडे एक तास आहे, त्यामुळे 1-1 सिल्व्हरच्या झटापटीत तू कधीच जिंकणार नाहीस. एकदाच भाव चांगला खाली घे, इतका की त्याला तुझ्याखाली यायला नको वाटेल. कधी कधी तोच तुझी तलवार विकत घेऊन स्वतः वर लावतो, घेऊ दे, तुझं काम झालं, त्याने पुढे कितीला विकली ते बघायला जाऊच नकोस. मित्राचा पाच मिनिटांचा सल्ला दिवसभर बसणाऱ्यासाठी कदाचित ठीक असेल. तुझ्यासाठी लॉगिन केल्यावर एकदा बघायचं, लॉगआऊटच्या आधी एकदा, बस. दर कॅन्सलला डिपॉझिट जातं, वस्तू मेलमध्ये येते, काढायची, परत लावायची, आणि तुझ्या एका तासातली वीस मिनिटं त्यात गेली तर त्या वीस मिनिटांत किती हर्ब तोडून झाली असती ते मोज.

डिपॉझिटबद्दल अजून थोडं. ते वस्तूच्या व्हेंडर किमतीवर (गेममधला दुकानदार देतो त्या किमतीवर) आणि तू 12, 24 का 48 तास लावतोस त्यावर ठरतं, विकली गेली तर परत मिळतं, नाही गेली किंवा कॅन्सल केली तर गेलं. म्हणून ज्या मालाचा सेल रेट बरा आहे तो 48 तास लावून विसरून जा, तू रोज तासभरच असतोस, तुझ्या गैरहजेरीतही दुकान उघडं पाहिजे. ज्याचा सेल रेट वाईट आहे आणि व्हेंडर किंमत भरपूर आहे, जुने ग्रीन (साध्या दर्जाचे) आर्मर वगैरे, त्याचं डिपॉझिटच तीन-चार वेळा लावण्यात सगळा नफा खाऊन टाकतं. तो माल सरळ व्हेंडरला दे नाहीतर डिसएन्चंट करून, म्हणजे मोडून, निघालेली धूळ वीक. व्हेंडर 10 गोल्ड देत असेल तर ऑक्शनवर 10 गोल्ड 53 सिल्व्हरच्या खाली लावणं म्हणजे घाटाच, आणि असं लावलेलं रोज दिसतं, त्यावर नजर ठेवलीस तर उलट 10 गोल्डच्या खालचं घेऊन व्हेंडरला विकता येतं, थोडेच मिळतात पण धोका शून्य.

बाकी एका मालात सगळं गोल्ड घालायचं नाही हे तुला आता वेगळं सांगायला नको. मी तर म्हणेन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त कशातच नको, आणि ज्यात घालशील ते येणाऱ्या पॅचमध्ये बदलतंय का ते आधी बघ. गेमची कंपनी ब्लिझार्ड, तिचा पब्लिक टेस्ट रेल्म (चाचणीचा सर्व्हर) असतो, येणाऱ्या पॅचमधले बदल तिथे बरेच आधी दिसतात, कुठल्या नवीन रेसिपीला कुठला जुना माल लागणारे ते तिथून कळतं. त्यावर थोडं थोडं जमवायला माझी हरकत नाही, पण विकायचं पॅचच्या पहिल्या दिवसांत, कारण तुझ्यासारखे अजून हजारो जण तेच जमवून बसलेले असतात आणि सगळे एकदम ओततात. आणि तोटा भरून काढायला बाहेरच्या कुठल्या साइटवरून गोल्ड घ्यायचा विचार मनात आला तर अजिबात नको, अकाउंट बॅन होतं. 2015 पासून टोकन (ब्लिझार्डकडून पैशाने घेऊन गेममध्ये गोल्डला विकायचं) आहे, पैसे देऊन गोल्ड हवंच असेल तर तो एकच नियमातला रस्ता आहे.

राहिलं ब्लॅक मार्केट. ते 2012 ला मिस्ट्स ऑफ पॅन्डारिया या एक्स्पान्शनबरोबर आलं आणि तिथे बायआऊट (ठरलेल्या किमतीला थेट खरेदी) नसतो, फक्त बोली. त्यामुळे तिथे लोकांचं डोकं फिरतं, कारण समोर नेमकं घड्याळ नसतं, फक्त वेळ कमी उरलाय का जास्त एवढंच दिसतं, आणि कोणी वर गेलं की वाटतं अजून थोडंसंच तर. म्हणून बोलीच्या आधी, शांत डोक्याने, आकडा लिहून ठेवायचा. तो कसा काढायचा? तुला तासाला साधारण किती गोल्ड सुटतं ते तुला माहितीये, त्या माउंटसाठी तू किती तास द्यायला तयार आहेस ते ठरव आणि गुण. माउंट घेऊन विकायचा विचार नसेल तर दुसऱ्या कोणाला तो कितीला वाटतो याच्याशी तुला घेणंदेणं नाही.

तू दोन्ही वेळा लवकर बोली लावलीस असं पत्रावरून दिसतंय. लवकर बोलीने होतं काय तर इतरांना कळतं की कोणीतरी पाठीमागे आहे, भाव चढायला सुरुवात होते आणि तुझं गोल्ड तिथे अडकून बसतं, कोणी वर गेलं तरच मेलमधून परत येतं. त्यापेक्षा वेळ शॉर्टवर (थोडाच उरलाय असं दाखवण्यावर) येईपर्यंत थांब, तेव्हा गेममध्ये असशील तर त्याच वेळी बोली लाव आणि वरची बोली आली तर तुझ्या आकड्यापर्यंत जा, पुढे नाही. तेव्हा तू नसणारच असशील तर लॉगआऊटच्या आधी एकदाच, थोडं थोडं न चढवता थेट तुझ्या आकड्याची बोली लावून निघून जा. त्याने जिंकण्याची खात्री नाही मिळत, पण हौसेने बोली लावणारे बरेच जण मोठा आकडा बघून थांबतात. हरलास तर तीच माउंट परत फिरून येते, ब्लॅक मार्केटचा माल आलटून-पालटून येत असतो, म्हणून दोनदा गेली याचं फार मनाला लावून घेऊ नकोस आणि तिसऱ्या वेळी चिडून आकडा वाढवू नकोस.

साध्या ऑक्शनवरही गिअरवर (शस्त्रं, आर्मर) कमी भावाच्या बोल्या दिसतात, तिथेही हेच, शॉर्ट दिसलं की लावायची आणि छोट्या रकमेच्या चार-पाच ठिकाणी लावायच्या, मोठी एकाच ठिकाणी नको.

आणि हो, माउंट परत दिसली तर बोलीच्या दिवशी हर्ब विकून लगेच बोली लावू असं धरून चालू नकोस. बोलीचं गोल्ड त्याच क्षणी कापलं जातं आणि ऑक्शनवरच्या विक्रीचं गोल्ड मेलमध्ये यायला एक तास लागतो, तुझ्याकडे तेवढाच वेळ असतो, त्यामुळे आदल्या दिवशीच गोल्ड मोकळं करून ठेव.